‘फूड ग्रेड’ फ्लेवर श्वासातून जाणार असेल तर नेमकं काय तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ई-लिक्विडमध्ये (ई-सिगारेटमध्ये भरायच्या द्रवात) घालायच्या व्हॅनिला-क्रीम आणि पुदिना अशा दोन फ्लेवरसोबत पुरवठादाराने ‘फूड ग्रेड’चं प्रमाणपत्र आणि प्रयोगशाळेचा एक अहवाल पाठवला आहे. अहवालात ‘डायअसिटिल: आढळलं नाही’ असं लिहिलंय. एवढ्यावर हे फ्लेवर सुरक्षित मानायचे का? नसतील तर कोणत्या चाचण्या मागायच्या? आणि हेच निकष सिगारेटच्या तंबाखूत घातलेल्या फ्लेवरला लावता येतील का?

एवढ्यावर सुरक्षित मानता येणार नाहीत. वाफेचं आणि धुराचं रासायनिक पृथक्करण हेच माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, आणि अशी कागदपत्रं माझ्यासमोर सतत येतात. ती खोटी असतात असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा खरीच असतात. पण प्रमाणपत्र सांगतं की हा पदार्थ अन्नातून पोटात गेला तर चालेल. अहवाल सांगतो की बाटलीतल्या द्रवात एक ठरावीक रसायन एका ठरावीक पातळीच्या वर नव्हतं. वापरणारा माणूस ते द्रव पीत नाही. उपकरणातल्या तापणाऱ्या तारेवर, म्हणजे कॉइलवर, तापून निघालेली वाफ तो छातीत ओढतो, दिवसातून शेकडो वेळा. तपासणी त्या वाफेची व्हायला हवी, ज्या उपकरणातून ती निघणार आहे त्याच उपकरणातून, आणि द्रव जितकं जुनं होऊन वापरलं जाईल तितकं जुनं झाल्यावर. बाकीची कागदपत्रं ही तिची पूर्वतयारी.

आधी ‘फूड ग्रेड’बद्दल. अमेरिकेतल्या फ्लेवर उत्पादकांची संघटना ‘फेमा’ ही अन्नात वापरायला सुरक्षित समजल्या जाणाऱ्या स्वादद्रव्यांची यादी ठेवते, आणि जगभरचे पुरवठादार तिचाच दाखला देतात. त्याच संघटनेने स्पष्ट सांगितलंय की ही यादी गिळण्यापुरती आहे. ई-सिगारेटसाठी तिचा आधार घेऊ नये. कारण सरळ आहे. पोटात गेलेलं रसायन आम्लातून जातं, आतड्यात शोषलं जातं आणि रक्तात पसरण्याआधी यकृतात बरंचसं मोडलं जातं. फुप्फुसात असा पहारेकरी नाही. वायुकोशाची भिंत एक मायक्रोमीटरपेक्षाही पातळ असते, आणि त्याआधीच्या बारीक श्वासनलिकांचं अस्तर अल्डिहाइड आणि डायकीटोनसारख्या क्रियाशील रसायनांना फार लवकर बळी पडतं. दालचिनीची चव देणारं सिनामाल्डिहाइड अन्नात बिनघोर वापरलं जातं. प्रयोगशाळेत तेच श्वासनलिकेच्या पेशींवर घातलं की कफ वर ढकलणाऱ्या केसांची हालचाल मंदावते.

याचा सगळ्यात मोठा पुरावा २०१९ मध्ये अमेरिकेत मिळाला. व्हेपिंग करणाऱ्या, म्हणजे अशा उपकरणांतून वाफ ओढणाऱ्या, तरुणांची फुप्फुसं अचानक निकामी होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत रुग्णालयात दाखल झालेले किंवा दगावलेले मिळून २,८०७ रुग्ण नोंदले गेले, त्यात ६८ मृत्यू. बहुतेकांनी गांजातला टीएचसी हा नशा आणणारा घटक असलेली कार्ट्रिजेस वापरली होती. ज्या ५१ रुग्णांच्या फुप्फुसातला द्रव तपासला, त्यांतल्या ४८ जणांमध्ये व्हिटॅमिन ई अॅसिटेट सापडलं. हा पदार्थ गोळ्यांत असतो, त्वचेच्या क्रीममध्ये असतो. गिळायला चालतो, अंगाला लावायला चालतो. तो फ्लेवर नव्हता, तेल दाट दिसावं म्हणून घातला होता. पण ‘खायला चालतं म्हणजे ओढायला चालेल’ या समजुतीची किंमत काय असू शकते हे त्यातून कळतं.

आता डायअसिटिल. यावर जरा जास्त बोलते, कारण तुमच्या अहवालाचा सगळा भार त्या एका ओळीवर आहे. लोण्यासारखी चव देणारं हे डायकीटोन वर्गातलं रसायन लोणी, बिअर, कॉफी अशा अनेक पदार्थांत नैसर्गिकरीत्याही असतं. २००० साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, जास्पर इथल्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यात पूर्वी काम केलेल्या ८ जणांना ‘ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स’ हा विरळा आजार झाल्याचं एका डॉक्टरच्या लक्षात आलं. यात सर्वांत बारीक श्वासनलिका चट्टे पडून कायमच्या आवळतात, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. तपासात बोट गेलं ते गरम तेलात मिसळल्या जाणाऱ्या बटर फ्लेवरच्या वाफेकडे. पुढे अमेरिकेच्या ‘नायोश’ या व्यावसायिक आरोग्य संस्थेने २०१६ मध्ये कामाच्या जागेच्या हवेसाठी शिफारस केली: आठ तासांच्या सरासरीने डायअसिटिल अब्जात ५ भागांपेक्षा जास्त नको.

हे माहीत असूनही ई-लिक्विडमध्ये ते येत राहिलं. २०१५ च्या अखेरीस हार्वर्डच्या संशोधकांनी फ्लेवर असलेली ५१ उत्पादनं तपासली. ३९ मध्ये डायअसिटिल निघालं, आणि डायअसिटिल, २,३-पेंटेनडायोन व अॅसिटोइन यांपैकी निदान एक तरी ४७ मध्ये.

तर ‘आढळलं नाही’ या शब्दांकडे कसं बघायचं? आधी शोधमर्यादा विचारा. म्हणजे ज्या पातळीखाली त्या प्रयोगशाळेची पद्धत आंधळी आहे ती पातळी. समजा ती दर ग्रॅम द्रवाला १०० मायक्रोग्रॅम आहे आणि माणूस दिवसाला ३ ग्रॅम द्रव वापरतो. मग ‘आढळलं नाही’ या शेऱ्याआड रोजचे ३०० मायक्रोग्रॅम लपू शकतात. आता नायोशची मर्यादा घ्या. अब्जात ५ भाग म्हणजे घनमीटरला सुमारे १७.६ मायक्रोग्रॅम. पाळीत कामगार साधारण १० घनमीटर हवा घेतो असं धरलं तर दिवसाचे १७६. म्हणजे अहवाल कोरा आणि माणूस मात्र कामगारांच्या मर्यादेच्या वर, असं सहज होऊ शकतं. शोधमर्यादा १० मायक्रोग्रॅम असती तर लपलेला आकडा ३० वर आला असता आणि त्या ओळीला काही अर्थ उरला असता. शिवाय नायोशची मर्यादा निरोगी प्रौढ कामगारांसाठी, हवेत पसरलेल्या वाफेसाठी आहे. एका झुरक्यात क्षणभर मिळणारी तीव्र मात्रा त्या हिशेबात नीट बसत नाही, म्हणून तिला मी पहिली चाळणी म्हणूनच वापरते. ज्या अहवालात शोधमर्यादा छापलेलीच नाही, तो मी बाजूला ठेवते.

दुसरी पळवाट पर्यायाची. डायअसिटिल बदनाम झाल्यावर अनेकांनी त्याचा सख्खा भाऊ, एक कार्बन जास्त असलेलं २,३-पेंटेनडायोन वापरायला घेतलं. उंदरांवरच्या प्रयोगांत तेही श्वासमार्गाला तसंच इजा करताना दिसलं. नायोशने त्याची मर्यादा अब्जात ९.३ भाग ठेवली आहे, त्यावरून ते कमी घातक आहे असं काही पुरवठादार सांगतात. खरं कारण वेगळं आहे: तेव्हाच्या मापनपद्धतीने त्याखालचा आकडा खात्रीने मोजता येत नव्हता. तिसरं अॅसिटोइन. त्याचं स्वतःचं नाव तेवढं खराब नाही, पण बाटलीत पडून राहिलं की त्यातलं काही हळूहळू डायअसिटिलमध्ये बदलतं, आणि निकोटिनमुळे द्रव अल्कधर्मी झालं की हा बदल वेगाने होतो. बाटली भरली त्या दिवशीचा अहवाल स्वच्छ आणि काही महिन्यांनी तीच बाटली अस्वच्छ, यात कुणी लबाडी केलेली असते असं नाही. म्हणून तिन्ही रसायनं एकत्र मोजून मागा, आणि ताज्या व जुन्या अशा दोन्ही नमुन्यांत.

व्हॅनिलासंबंधी एक वेगळीच अडचण आहे. व्हॅनिलीन, बेंझाल्डिहाइड, सिनामाल्डिहाइड, सिट्राल ही सगळी अल्डिहाइडं. ती ज्यात विरघळवतात ते प्रोपिलीन ग्लायकॉल हे दोन हायड्रॉक्सिल गट असलेलं अल्कोहोल. अल्डिहाइड आणि अल्कोहोल एका बाटलीत ठेवले की अॅसिटाल तयार होणारच. महाविद्यालयात शिकलेली ही अभिक्रिया आहे, त्यासाठी उष्णताही लागत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या येल आणि ड्यूक विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवलं की नेहमीच्या तापमानाला नुसत्या साठवणीत ही अॅसिटालं बनतात, त्यांतली ५० ते ८० टक्के वाफेत जशीच्या तशी उतरतात, शरीरासारख्या द्रावणात ३६ तासांहून जास्त अर्धायुष्याने टिकतात, आणि श्वासमार्गातले जळजळ ओळखणारे संवेदक (रिसेप्टर) मूळ अल्डिहाइडपेक्षा जोरात उद्दीपित करतात.

हे प्रयोगशाळेत कसं दिसतं ते सांगते, म्हणजे अहवालात काय शोधायचं ते तुम्हाला कळेल. ताज्या द्रवाचा जीसी-एमएसवर, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्रावर, आलेख काढला की व्हॅनिलीनचं एक उंच शिखर येतं. काही आठवड्यांनी तोच नमुना लावला तर ते शिखर बुटकं झालेलं असतं, आणि पुढे, जड रेणू जिथे येतात तिथे, एकमेकांना खेटून दोन नवी शिखरं उभी असतात. अॅसिटाल बनताना रेणूच्या दोन अवकाशीय रचना होतात, म्हणून शिखरं दोन. ज्या प्रयोगशाळेकडे फक्त वीस-तीस रसायनांची यादी आहे ती या जोडीकडे बघतही नाही, कारण ती यादीत नाही. पुरवठादाराच्या घटकयादीतही नसते, कारण कुणी ती घातलेलीच नाही. त्यामुळे यादीवर न थांबता आलेखातलं प्रत्येक मोठं शिखर ओळखायचा प्रयत्न करणारी तपासणी मागा. मराठीत तिला सर्वसाधारण छाननी म्हणा. अहवालात ‘नॉन-टार्गेटेड’ असा उल्लेख असतो. ओळख न पटलेल्या शिखरांची अंदाजे मात्राही लिहून द्यायला सांगा. ‘अज्ञात’ लिहिलेला अहवाल मला ‘सर्व ठीक’ लिहिलेल्यापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो.

आता वाफेकडे. झुरके यंत्राने घेतले जातात. ई-सिगारेटसाठी रूढ झालेली पद्धत, जी २०१८ मध्ये आयएसओ २०७६८ म्हणून आंतरराष्ट्रीय मानक झाली, ती अशी: ५५ मिलिलिटरचा झुरका, ३ सेकंद, दर ३० सेकंदांनी एक. सिगारेटची जुनी आयएसओ पद्धत ३५ मिलिलिटर, २ सेकंद, दर मिनिटाला एक अशी आहे. कॅनडाच्या कडक पद्धतीत ५५ मिलिलिटर, २ सेकंद, अर्ध्या मिनिटाला एक, आणि फिल्टरवरची हवेची भोकं बुजवलेली. कुठल्या पद्धतीने झुरके घेतले हे न लिहिता दिलेल्या आकड्यांची कशाशीच तुलना करता येत नाही.

यंत्रानंतर वाफ काचतंतूच्या गोल पॅडवर अडवतात. पॅडचं वजन आधी आणि नंतर करतात. फरक म्हणजे जमा झालेलं एरोसॉल. इथे एक चूक मी वारंवार पाहते. पॅड थेंब अडवतो, वायू अडवत नाही. डायअसिटिल ८८ अंशांना उकळतं, अॅसिटाल्डिहाइड तर साध्या खोलीच्या तापमानालाच. ही रसायनं बरीचशी पॅडमधून निसटून पुढे जातात. नुसता पॅड धुऊन मोजलं तर निकाल कमीच येणार, आणि अहवाल मात्र नीटनेटका दिसणार. म्हणून पॅडच्या मागे द्रावणाची बाटली हवी. कार्बोनिल वर्गातल्या (अल्डिहाइड, कीटोन अशा) रसायनांसाठी तिच्यात डीएनपीएच या अभिकर्मकाचं आम्लयुक्त द्रावण ठेवतात. ते अल्डिहाइडला पकडून नारिंगी-पिवळी संयुगं बनवतं, आणि ती एचपीएलसी या द्रव-पृथक्करण यंत्रावर मोजली जातात. पॅड आणि बाटली दोन्हींची बेरीज अहवालात आहे का, हे बघा.

फॉर्माल्डिहाइड, अॅसिटाल्डिहाइड आणि अॅक्रोलीन ही तीन नावं वाफेच्या अहवालात असलीच पाहिजेत. पहिली दोन प्रामुख्याने द्रवाचा मुख्य भाग असलेलं ग्लायकॉल आणि ग्लिसरीन तापल्याने होतात, अॅक्रोलीन ग्लिसरीनमधून. पण इथेच निकाल कुठल्याही बाजूला झुकवता येतो, हे लक्षात ठेवा. २०१५ मध्ये एका गाजलेल्या अभ्यासात ३.३ व्होल्टला फॉर्माल्डिहाइड देणारी संयुगं सापडली नाहीत आणि ५ व्होल्टला भरपूर सापडली. लगेच आक्षेप आला की त्या व्होल्टेजला कॉइलपर्यंत द्रव नेणारी वात कोरडी पडते, वाफ करपट लागते आणि कुणी माणूस तसा झुरका घेणार नाही. आक्षेपात तथ्य आहे. पण त्याच युक्तीचा उलटा वापरही होतो: सगळ्यात सौम्य सेटिंग, नवीकोरी कॉइल, काठोकाठ भरलेली टाकी. तसं मोजलं की जवळपास कुठलंही द्रव उत्तीर्ण होतं. माझा आग्रह असा की उपकरणाच्या परवानगी असलेल्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त अशा दोन्ही सेटिंगवर, आणि टाकीच्या सुरुवातीच्या, मधल्या व शेवटच्या झुरक्यांचं मोजमाप वेगवेगळं द्यावं. कोरडा झुरका ओळखायला जीभ लागत नाही. झुरक्यांच्या एका गटात पॅडवरचं वजन घटलं आणि त्याच गटात फॉर्माल्डिहाइड उसळलं, की वात कोरडी पडली होती असं समजायचं. त्यासाठी प्रत्येक गटाचं वजन अहवालात असायला हवं. नुसती सरासरी दिली असेल तर ही खूण पुसली जाते.

फ्लेवरमुळे या अल्डिहाइडांत किती भर पडते, यावर एकमत नाही. २०१६ मध्ये ती भर प्रचंड असल्याचा निष्कर्ष आला. नंतर इतरांना तेच द्रव वेगळ्या परिस्थितीत तापवून खूप कमी आकडे मिळाले. म्हणून साधारण नियमावर विसंबू नका, तुमच्याच उत्पादनाची तुलना करून घ्या: तेच उपकरण, तेच ग्लायकॉल-ग्लिसरीनचं प्रमाण, तेच निकोटिन, एकदा फ्लेवरसह आणि एकदा फ्लेवरशिवाय. दोघांमधला फरक ही फ्लेवरची जबाबदारी. शिवाय यंत्रातून नुसती हवा ओढून कोरं मापन (ब्लँक) ही घ्यायला सांगा, कारण प्रयोगशाळेच्या हवेतही फॉर्माल्डिहाइड असतं.

गोडीसाठी सुक्रलोज घातलं असेल तर प्रकरण आणखी वाकडं होतं. त्यात क्लोरीन आहे. तापल्यावर ते मोडतं, हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, आणि हे आम्ल पुन्हा द्रावकांचं मोडणं वाढवतं. बेंझोइक आम्ल आणि बेंझाल्डिहाइड जास्त शक्तीच्या उपकरणांत तापली की थोडं बेंझीन बनू शकतं. निकोटिन सॉल्टच्या द्रवात बेंझोइक आम्ल पुष्कळदा असतं. सुक्रलोज आणि ही बेंझीन देणारी रसायनं तुमच्या घटकयादीत आहेत का ते आधी पाहा आणि त्यानुसार वाफेत क्लोरीनयुक्त संयुगं आणि बेंझीन मोजून घ्या.

कायदाही हेच सांगतो. युरोपीय संघाच्या २०१४ च्या तंबाखू उत्पादन निर्देशात अट आहे की निकोटिन सोडून द्रवातल्या कुठल्याही घटकाने तापवलेल्या वा न तापवलेल्या रूपात आरोग्याला धोका होता कामा नये. तापवलेल्या हा शब्द कायद्यातच असताना फक्त थंड द्रवाचा अहवाल पुढे करणं मला पटत नाही. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ९३ घातक घटकांच्या यादीवरही पूर्ण विसंबू नका. ती मुख्यतः तंबाखू आणि धूर डोळ्यांसमोर ठेवून केली होती. डायअसिटिल, अॅसिटोइन, ग्लिसिडॉल अशी १९ नावं तीत घालण्याचा प्रस्ताव २०१९ मध्ये आला.

सिगारेटच्या तंबाखूबद्दल तुम्ही विचारलं आहे. तत्त्व तेच, भौतिकशास्त्र वेगळं. सिगारेटचं पेटतं टोक झुरक्याच्या वेळी ९०० अंशांच्या आसपास जातं, पण त्याच्या मागे लगेचच तापमान झपाट्याने उतरतं. मेन्थॉलसारखी सहज उडणारी रसायनं निखारा पोचण्याआधीच उडून धुरात बरीचशी अखंड जातात. साखरेसारखे न उडणारे पदार्थ जाग्यावर जळतात आणि अल्डिहाइड देतात. म्हणून प्रत्येक घटक ३०० ते ९०० अंशांपर्यंत कमी ऑक्सिजनमध्ये तापवून काय निघतं ते बघण्याची पद्धत आहे. २००४ मध्ये तंबाखू उद्योगातल्याच संशोधकांनी २९१ घटकांवर असं काम प्रसिद्ध केलं. पण एकेकटा घटक तापवून कळतं ते काय बनू शकतं एवढंच. सिगारेटमध्ये प्रत्यक्ष काय बनतं ते तिचा धूर मोजूनच कळेल.

धूर मोजल्यावर आकडा कशाने भागायचा, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण निकाल त्यावरच फिरतो. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने ३३३ घटकांची चाचणी करून २००२ मध्ये निष्कर्ष छापले, की त्यांनी धुराची विषाक्तता लक्षणीय वाढत नाही. आकडे धुरातल्या एकूण कणांच्या दर मिलिग्रॅममागे दिले होते. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी कंपनीची अंतर्गत कागदपत्रं आणि तोच डेटा पुन्हा तपासला. घटक घातल्यावर दर सिगारेटमागे कणांचं वजनच वाढत होतं. भाजक मोठा झाल्याने भागाकार जागेवरच राहत होता. तेच आकडे दर सिगारेटमागे मांडल्यावर १५ कर्करोगकारक विषारी रसायनं २० टक्के किंवा त्याहून जास्त वाढलेली दिसली. माणूस सिगारेट मोजून ओढतो, धुराचे मिलिग्रॅम मोजून नाही. म्हणून तुमच्या अहवालातही तिन्ही मागा: दर झुरक्यामागे, दर ग्रॅम द्रवामागे, आणि एका दिवसाच्या वापरामागे. फक्त एकच प्रकार दिला असेल तर तोच का निवडला हे विचारायला संकोच करू नका.

रसायनं मोजून झाली की पेशी आणि प्राण्यांवरच्या चाचण्या येतात. जिवाणूंवरची एम्स चाचणी उत्परिवर्तन दाखवते, मायक्रोन्यूक्लियस चाचणी गुणसूत्रांची मोडतोड. दोन्ही करायलाच हव्यात, पण अल्डिहाइडच्या बाबतीत एम्स फसवते: पदार्थ जिवाणूंना मारूनच टाकतो, वसाहती घटतात, आणि उत्परिवर्तन वाढलं नाही असं कागदावर दिसतं. म्हणून जिवाणू किती मेले हा आकडा सोबत पाहिजे. पेशींची चाचणी द्रवात बुडवलेल्या पेशींवर करण्यापेक्षा हवा-द्रव सीमेवर वाढवलेल्या श्वासनलिकेच्या पेशींवर, खरीखुरी वाफ सोडून केलेली मला जास्त मोलाची वाटते. तिथे केसांची हालचाल, कफ आणि पेशींमधली घट्ट वीण हे तिन्ही बघता येतं.

उंदरांना ९० दिवस वाफ देण्याची ओईसीडी ४१३ ही आंतरराष्ट्रीय प्रमाणित चाचणी महागडी आणि मानाची, पण तिची एक मर्यादा फ्लेवरसाठी फार महत्त्वाची आहे. उंदीर फक्त नाकाने श्वास घेतो, आणि त्याच्या नाकातले वळणदार पडदे डायअसिटिलसारखी पाण्यात विरघळणारी रसायनं वरच्या वर टिपून घेतात. माणूस झुरका तोंडाने ओढतो. त्यामुळे तेवढ्याच तीव्रतेला माणसाच्या बारीक श्वासनलिकांपर्यंत कितीतरी पट जास्त मात्रा पोचू शकते. उंदराची खोल फुप्फुसं ठीक दिसली पण नाकाचं अस्तर सोललेलं आढळलं, तर तो निकाल माझ्या लेखी वाईट आहे. विकृतितज्ज्ञाच्या अहवालातलं नाकाचं पान आधी वाचा.

पुदिन्याच्या फ्लेवरमध्ये प्यूलेगोन मोजून घ्याच. पुदिन्याच्या काही तेलांत ते नैसर्गिकरीत्या असतं, प्राण्यांमध्ये त्याने कर्करोग झाला, आणि २०१८ मध्ये एफडीएने कृत्रिम प्यूलेगोनची अन्नातली परवानगी काढून घेतली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात पुदिना चवीच्या काही ई-लिक्विड आणि तोंडात ठेवायच्या तंबाखूसाठी सुरक्षा-अंतर १०,००० च्या खाली आलं. हे अंतर म्हणजे प्राण्यांत परिणाम न दिसलेली मात्रा भागिले माणसाची रोजची मात्रा. कर्करोगाची शंका असलेल्या पदार्थांसाठी ते १०,००० च्या वर असावं असं मानलं जातं. त्यातली प्राण्यांची माहितीही तोंडावाटे दिलेल्या मात्रेची होती, म्हणजे फुप्फुसाचा हिशेब अजून बाकीच आहे. डब्ल्यूएस-३ आणि डब्ल्यूएस-२३ या वासरहित थंडावा देणाऱ्या रसायनांचंही तेच. ती आता पुदिना सोडून फळांच्या फ्लेवरमध्येही घातली जातात, आणि नावात ‘आइस’ असेल तर ती गृहीतच धरा. मेन्थॉल असो की ही, घशाची जळजळ कमी जाणवू देणं हा त्यांचा गुणच आहे. झुरका खोल जातो, वापर वाढतो. म्हणून दिवसाची मात्रा धरताना पुदिना आणि ‘आइस’ प्रकारांसाठी मी सरासरी वापर कधीच घेत नाही, जास्त वापरणाऱ्यांचा आकडा घेते.

इतकं सगळं केल्यावरही कुणी प्रयोगशाळा ‘हा फ्लेवर ओढायला सुरक्षित आहे’ असं लिहून देणार असेल तर तिच्यापासून लांब राहा. या चाचण्यांतून धोकादायक फ्लेवर बाहेर काढता येतात आणि उरलेल्यांची तुलना करता येते. वीस वर्षं रोज ओढल्यावर काय होईल, याचं उत्तर आज कुठल्याच यंत्रात नाही.

तुमच्या दोन फ्लेवरपुरतं: व्हॅनिला-क्रीमचा अहवाल परत पाठवा आणि डायअसिटिल, २,३-पेंटेनडायोन व अॅसिटोइन ही तिन्ही रसायनं शोधमर्यादेसकट, तसंच व्हॅनिलीनची अॅसिटालं, ताज्या आणि सहा महिने जुन्या द्रवात व त्यांच्या वाफेत मोजून मागा. पुदिन्यासाठी प्यूलेगोन, मेन्थॉल आणि दोन्ही थंडावाद्रव्यं. दोघांसाठी फ्लेवरसह आणि फ्लेवरशिवाय अल्डिहाइडची तुलना, दोन सेटिंगवर. पेशींच्या चाचण्यांवर खर्च त्यानंतर करा, कारण क्रीमचा फ्लेवर बहुधा पहिल्याच फेरीत अडकेल. आणि प्रत्येक बॅचच्या काही सीलबंद बाटल्या आजच अंधारात, खोलीच्या तापमानाला, तारीख लिहून ठेवायला सुरुवात करा. सहा महिन्यांनी तपासायला जुना नमुना लागेल तेव्हा तो बाजारातून आणता येत नाही.